'पोरं झाली, आता पिशवीचं काम काय?'

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश असा:

"माझं वय 35. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा अकराचा. मुलाच्या वेळीच ऑपरेशन करून घेतलं. घरी शिलाईकाम करते. सात-आठ महिन्यांपासून पाळीत अंगावरून फार जातं. आठ-नऊ दिवस चालतं, गाठी पडतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मशीनवरून उठायची भीती वाटते. मधल्या दिवसांत पांढरं जातं. कंबर दुखते, जिना चढला की धाप लागते. इथल्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. पिशवीला सूज आहे, दोन सेंटिमीटरची गाठ आहे, तोंडाला जखम आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, त्यापेक्षा काढून टाका, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंची काढलेली आहे. जाऊबाईंची बत्तिसाव्या वर्षी काढली. त्यांच्या अंगाची आग होते, रात्रभर झोप नसते, गुडघे धरलेत, पण पाळीची कटकट संपली म्हणून त्या खूश आहेत. आमच्याकडे अजून चार दिवस बाजूला बसावं लागतं, तेही सुटेल. मिस्टर बचत गटातून कर्ज काढायला तयार आहेत. सगळे म्हणतात, पोरं झाली, आता पिशवीचं काम काय? पण माझं मन धजत नाही. काय करू?"

ताई, नमस्कार.

ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर ती आधी पुढे ढकला. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे तुमचा आजार अमुकच आहे असं पत्रावरून सांगणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात येत्या पंधरवड्यात पिशवी काढावीच लागेल असं काहीही मला दिसत नाही. रक्तस्राव मात्र खरा आहे आणि तो अंगावर काढायचा नाही. उपचार हवेत, आणि ते लवकर हवेत. फक्त उपचार म्हणजे पिशवी काढणं हे समीकरण कुणी, कशाच्या जोरावर मांडलं, ते जरा तपासून पाहू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्यात नसलेल्या गोष्टींसाठी. हिमोग्लोबिन किती आहे? लिहिलेलं नाही. थायरॉईड तपासलं का? नाही. डॉक्टरांनी टेबलवर झोपवून आतून तपासणी केली का, की सोनोग्राफीचा कागद पाहूनच निर्णय झाला? तांबी बसवलेली आहे का, रक्त पातळ करण्याच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हेही कुणी विचारल्याचं दिसत नाही. सात-आठ महिने रक्त जातंय, जिना चढताना धाप लागतेय, म्हणजे हिमोग्लोबिन उतरलं असण्याची दाट शक्यता आहे. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर असायला हवं. ते आठ-नऊवर आलं असेल तर तुमचा थकवा, धाप, कदाचित डोकेदुखीसुद्धा, यांचा उलगडा साध्या रक्ततपासणीतून होईल. आणि इतकं कमी रक्त असलेल्या बाईला थेट टेबलावर घेणं हीच मोठी जोखीम. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं व्हायला नको.

आता तो सोनोग्राफीचा रिपोर्ट बाहेर काढा. त्यावर 'बल्की युटेरस' असं लिहिलं असेल. त्यालाच 'पिशवीला सूज' म्हणतात. मुलं न झालेल्या बाईची पिशवी साधारण साडेसात सेंटिमीटर लांब असते, मूठभर. दोन बाळंतपणांनंतर ती थोडी मोठीच राहते आणि रिपोर्टवर 'बल्की' होते. हा आजार नव्हे. कधीकधी मात्र पिशवीचं अस्तर तिच्या स्नायूंत शिरतं, त्यानेही ती फुगते, पाळीत कळा येतात आणि रक्त जास्त जातं. म्हणून नुसत्या 'सूज' या शब्दावर थांबायचं नाही, सूज कशाची, ते विचारायचं.

गाठीचंही तेच. दोन सेंटिमीटर म्हणजे मोठ्या बोरापेक्षा फार मोठी नव्हे. अशा गाठी, म्हणजे फायब्रॉइड, पस्तिशी-चाळिशीच्या कितीतरी बायकांच्या पोटात असतात आणि अनेकींना त्यांचा पत्ताही नसतो. त्या कॅन्सरच्या निघणं फार विरळ, आणि पाळी गेल्यावर बहुतेक आपोआप आक्रसतात. प्रश्न असतो तो जागेचा. गाठ पिशवीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर रक्तस्रावाशी तिचा संबंध सहसा नसतो. आतल्या पोकळीत डोकावत असेल तर ती लहान असूनही रक्ताचा पाट वाहवू शकते, पण तशी गाठ दुर्बिणीने खालच्या वाटेने काढता येते आणि पिशवी जागच्या जागी राहते. ही जागा रिपोर्टमध्ये लिहिलेली असते. नसेल तर सोनोग्राफी पुन्हा करायला सांगा.

राहिली तोंडाची 'जखम'. या एका शब्दाने आपल्याकडे जेवढ्या पिशव्या निघाल्या असतील तेवढ्या कॅन्सरनेही नसतील, असं मला कधीकधी वाटतं. पिशवीच्या तोंडाच्या आतली नाजूक, लालसर त्वचा अनेकींमध्ये बाहेरच्या बाजूला पसरलेली दिसते. हार्मोनच्या प्रभावाने, गरोदरपणात, गोळ्या चालू असताना ती जास्त दिसते. लाल दिसते म्हणून तिला जखम म्हणायचं, आणि जखम म्हटलं की पुढे कॅन्सर आलाच. ही ना जखम असते, ना कॅन्सरची पहिली पायरी. शंका असेल तर तपासणी करायची. ती स्वस्त आहे आणि अनेक सरकारी दवाखान्यांत मोफत होते. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरच्या जातीचं पातळ ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. तिशीनंतर प्रत्येक बाईने दर पाच वर्षांनी ती करून घ्यावी असा सरकारी कार्यक्रमच आहे. शहरात पॅप स्मिअर, म्हणजे तोंडावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, किंवा एचपीव्हीची चाचणी मिळते, तीही चालेल. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला त्याला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणजे गाठायला वेळ भरपूर असतो. तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलसोबत सव्वा लाखाहून जास्त खेडवळ बायकांचा मोठा अभ्यास केला होता. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा एचपीव्हीची चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार एवढ्यावर या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणीत पूर्वस्थिती सापडली तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून उपचार होतो. म्हणजे 'कॅन्सर होईल' या भीतीवरचं उत्तर तपासणी हे आहे. पिशवी काढणं हे नाही.

पांढऱ्याबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, म्हणून माझ्याकडूनच सांगते. दोन पाळ्यांच्या मधोमध अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला तर तार निघणारा स्राव येतो, तो निरोगीपणाचा. पाळीच्या आधी तो जरा घट्ट होतो, तेही ठीक. त्यातून हाडं झिजून जात नाहीत, ताकदही जात नाही, हे आजीच्या काळापासूनचं भय आता सोडू या. दह्याच्या गोळ्यांसारखं पांढरं आणि प्रचंड खाज, हिरवट-पिवळं फेसाळ, किंवा सडक्या मासळीसारखा वास असेल तर तो संसर्ग. त्यावर काही दिवसांच्या गोळ्या पुरतात, आणि काही संसर्गांत नवऱ्यालाही त्याच वेळी औषध घ्यावं लागतं. तो घेत नाही म्हणून बाईला पुन्हा पुन्हा होतं आणि मग नाव पिशवीचं खराब होतं. तो भाग आतून साबण, डेटॉल किंवा सुगंधी पाण्याने धुऊ नका. तिथली आम्लता आणि तिथले उपयोगी जंतू हेच तिथले पहारेकरी असतात, धुऊन आपण त्यांनाच हाकलतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

आणि कंबर. दिवसातून किती तास पायमशीनवर वाकून बसता? स्टूल पाठीशिवायचं आहे ना? मग पिशवी काढूनही कंबर दुखतच राहील, अशी माझी पैज आहे. पाठ असलेली खुर्ची घ्या, तासातासाने उठा, आणि गिऱ्हाईक समोर बसलंय म्हणून लघवी दाबून ठेवू नका.

उपचाराची शिडी कशी असते ते सांगते, म्हणजे तुम्हाला कुठल्या पायरीवर उभं केलं होतं ते कळेल. सगळ्यात आधी रक्त: हिमोग्लोबिन, थायरॉईड, गरज वाटली तर रक्त गोठण्याच्या तपासण्या. मूल बंद होण्याचं ऑपरेशन झालं असलं तरी गर्भाची तपासणी एकदा करतात, चुकून राहून जाऊ नये म्हणून. मग आतून तपासणी आणि तोंडाची चाचणी. लोहाच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायच्या, चहा दोन तास लांब ठेवायचा. संडास काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारलं की गोळ्या सोडायच्या नसतात, पुढे तीनेक महिने चालू ठेवायच्या, कारण कोठार भरायला वेळ लागतो. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या फक्त पाळीच्या जास्तीच्या दिवसांत घ्यायच्या. ज्यांना कधी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल त्यांनी डॉक्टरांना हे आधी सांगायचं. त्याने भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्या. त्याच्याही पुढे हार्मोन असलेली तांबी असते. ती साध्या तांबीसारखी नाही. साध्या तांबीने रक्त वाढू शकतं, हिने बहुतेकींचं खूपच कमी होतं, काहींची पाळी जवळजवळ थांबते. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात. हे आधी कुणी सांगत नाही, मग बाया दोन महिन्यांत काढून टाकतात आणि पैसे वाया जातात. ती पाच वर्षं तरी काम करते, आणि तिचा खर्च ऑपरेशन आणि त्यानंतरच्या बुडालेल्या दीड महिन्याच्या कामापुढे सहसा कमीच पडतो. चाळिशी उलटलेल्यांमध्ये, वजन खूप जास्त असेल किंवा औषधाला दाद मिळत नसेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. एवढं सगळं करून हाती काही लागलं नाही, तर मग पिशवी काढण्याचं बोलायचं.

तेव्हा ते बोलायलाही हवं. मी पिशवी काढण्याच्या विरोधात नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींनी जीव नकोसा केला असेल आणि बाकी उपाय थकले असतील, अंग पूर्ण बाहेर येत असेल, तर हेच ऑपरेशन बाईला नवं आयुष्य देतं. तुमच्या सासूबाईंचं कारण कदाचित तसं असेलही.

पण 'पोरं झाली, आता काम काय' हे कारण नाही. पिशवीच्या दोन बाजूंना अंडाशय असतात आणि त्यांचा काही रक्तपुरवठा पिशवीच्या वाटेने येतो. त्यामुळे अंडाशय ठेवून फक्त पिशवी काढली, तरी पाळी जाण्याच्या वयात शरीरात होणारे बदल काही वर्षं आधी सुरू होऊ शकतात. अंडाशयच काढले तर ते दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. हाडांचा टणकपणा, हृदयाचं रक्षण, झोप, योनीतला ओलावा, नवरा-बायकोमधली जवळीक, या सगळ्यांत अंडाशयातून येणाऱ्या हार्मोनचा हात असतो. आपल्याकडे पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. म्हणजे पस्तिशीत तुम्हाला अजून दहा-बारा वर्षांचं हे संरक्षण शिल्लक आहे.

तुम्ही ज्या पट्ट्यातून लिहिता तिथे हा विषय नवा नाही. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण गाजलं तेव्हा 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात तपासलेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहातली एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडं वर आहे. फडात ना संडास, ना आडोसा, पाळीत एक दिवस खाडा झाला तरी दंड, वर मुकादमाची उचल फेडायची. तिथे पिशवी आजारामुळे निघत नव्हती, कामात अडथळा म्हणून निघत होती. त्यानंतर बीडमधल्या खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. 2022 मध्ये केंद्राने अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागताना तुम्ही कुणावर अविश्वास दाखवत नाही आहात. तुमच्यासारख्या वयात ते मागावं, हीच सरकारची अपेक्षा आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही: चार दिवस बाजूला बसावं लागतं, तेही सुटेल. ताई, मग कटकट नेमकी कशाची आहे? रक्त जास्त जातं त्यावर औषध आहे. बाजूला बसण्यावर मात्र कुठल्याही सर्जनकडे ऑपरेशन नाही. घरच्या रिवाजासाठी शरीराचा अवयव द्यायचा, हा व्यवहार मला फार महाग वाटतो. आणि तुमच्या पाठोपाठ त्याच कोपऱ्यात मुलगी बसणार आहे. सासूबाईंशी एकदम वाद घालायची गरज नाही. 'डॉक्टरांनी सांगितलंय, रक्त कमी आहे, नीट खायला-झोपायला पाहिजे, कोपऱ्यात सतरंजीवर नको' एवढ्यापासून सुरुवात करा. डॉक्टरांच्या नावावर आपल्याकडे बरंच काही खपतं, या वेळी ते चांगल्या कामासाठी खपू दे.

एवढं सगळं आधीच का झालं नाही, याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं. तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झाली होती ती फक्त 8 टक्के जणींची. 'अंगावर काढणं' ही आपल्या आयांची सवय नव्हती, त्यांच्यापुढे दुसरं काही नव्हतंच. तुमच्यापुढे आहे. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळतात. जवळ सरकारी मेडिकल कॉलेज असेल तर उत्तमच, तिथे पिशवी काढून कुणाचा गल्ला भरत नाही. पुरुष डॉक्टरांचा संकोच वाटत असेल तर बाई डॉक्टर कधी असतात ते आशाताईंना विचारा, आणि तपासणीच्या वेळी सिस्टर शेजारी हवी असं स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे.

जाताना मागच्या तीन पाळ्यांचा हिशोब लिहून न्या: कोणत्या तारखेला आली, किती दिवस, दिवसाला किती पॅड, रात्री उठून बदलावं लागलं का, गाठी केवढ्या. तोंडी 'खूप जातं' म्हटलं की डॉक्टरही मान डोलावतात. वहीतला हिशोब वाचल्यावर त्यांना प्रश्न विचारावेच लागतात. तुम्ही विचारा: रक्त जाण्याचं कारण काय सापडलं? गाठ कोणत्या जागी आहे? औषधाने काय होईल, आणि सहा महिने वाट पाहिली तर काय बिघडेल? उद्या खरंच पिशवी काढायची ठरलीच, तर अंडाशय ठेवणार ना, काढणार असाल तर का, आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवून त्याचा रिपोर्ट माझ्या हातात द्याल ना, हेही. लेखी द्यायला जो डॉक्टर कुरकुरेल, त्याच्याकडे ऑपरेशन करू नका.

थांबायचं नाही असे प्रसंग मात्र आहेत. तासाला एक पॅड भिजून जात असेल आणि असं दोन-तीन तास चाललं, उठल्यावर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात असह्य कळ आणि ताप असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा कुणाची पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर ती तपासणी आठवड्यावर ढकलू नये. हे घरातल्या मोठ्या बायकांनाही सांगा, कारण 'पाळी परत आली' म्हणून त्या हसून सोडून देतात.

मुलगी चौदाची आहे. नऊ ते चौदा या वयात एचपीव्हीची लस दिली तर तिचा सगळ्यात जास्त फायदा होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' आता बाजारात आहे, सरकारी केंद्रावर मोफत मिळते का हेही विचारून घ्या. पंधरा वर्षं पूर्ण होण्याआधी दिली तर कमी डोस पुरतात, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

शेवटी तुमच्या जाऊबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही ओघात लिहून गेलात: अंगाची आग, झोप नाही, गुडघे धरलेत. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढलेल्या बाईत ही लक्षणं असतील तर त्यांचे अंडाशयही काढले गेले असण्याची शंका येते. ट्रंकेतलं त्यांचं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर काय-काय काढलं ते लिहिलेलं असतं. दोन्ही अंडाशय काढले असतील तर त्यांना इतक्या कमी वयात हार्मोनची औषधं देता येतात का, हे स्त्रीरोगतज्ज्ञच सांगू शकतील. शिवाय कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी हेही लागेल. तुम्ही रुग्णालयात जाल त्या दिवशी त्यांनाही सोबत न्या. एका रिक्षात दोघींचं काम होईल.